जुनं पितळ घासू नका

जुनी दुर्बीण, मायक्रोस्कोप, सेक्स्टंट (जहाजावरून सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायचं उपकरण) असलं काही हाती लागलं की बहुतेक लोक आधी काय करतात तर पॉलिशची बाटली आणि फडकं घेऊन बसतात. थोड्या वेळात पितळ लखलखीत होतं, फोटोत झकास दिसतं, आणि तेवढ्या वेळात शे-दीडशे वर्षं टिकलेली एक गोष्ट कायमची निघून जाते. मी अशी उपकरणं जमवते आणि ह्या विषयावर मला गप्प बसवत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ती गोष्ट म्हणजे लॅकर. जुने कारागीर चांगल्या उपकरणाचं पितळ सहसा उघडं सोडत नसत. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, रंगासाठी त्यात हळद, केशर, ड्रॅगन्स ब्लड नावाचा लाल डिंक असलं काही काही घालायचं, पितळेचा भाग गरम करायचा आणि मऊ ब्रशने अगदी पातळ हात मारायचा, तोही एका दमात, कारण थर पटकन सुकतो आणि त्यावर परत ब्रश फिरला की डाग पडतो. जुन्या उपकरणांना जी ती सोनेरी, किंचित नारिंगी झाक असते ना, ती पितळेची नसतेच, ह्या थराची असते. त्याच्याखाली नीट बघितलं तर एकाच दिशेने गेलेल्या बारीक बारीक रेषा दिसतात, कारागिराने शेवटचा हात फिरवलेला असतो तो. पॉलिश केलं की थर जातो, रेषा जातात, कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि वर त्या खाचांमध्ये पांढरी पावडर अडकून बसते ती वेगळीच. स्पिरिटने पुसू का असं विचारतात, तर तेही नको, लाख स्पिरिटमध्येच विरघळते! अमोनियावाले क्लीनरही लांब ठेवा. मऊ कोरडा ब्रश, जेमतेम ओलसर सुती कापड, पुरे तेवढं. आणि फोकसच्या चाकावर, नळीच्या जिथे बोटं लागतात त्या भागावर लॅकर झिजलेला असेल तर तो झिजलेलाच राहू द्या, कोणीतरी वर्षानुवर्षं ते चाक फिरवलंय त्याचा तो पुरावा आहे, आणि माझ्या लेखी तो चकचकीत पितळेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

कारण जुनं उपकरण वाचता यायला हवं. त्यावर नाव कोरलंय म्हणजे त्याच माणसाने ते बनवलं असं धरून चालू नका, पुष्कळदा ते दुकानदाराचं नाव असतं. ऑक्टंटचं उदाहरण घ्या, म्हणजे सेक्स्टंटचा मोठा भाऊ, इंग्लंडच्या जॉन हॅडलीने 1731 मध्ये तिथल्या रॉयल सोसायटी ह्या विज्ञानसंस्थेपुढे मांडला तो. त्याच्या हस्तिदंती मोजपट्टीवर मधोमध कधी कधी बारीक अक्षरात एसबीआर कोरलेलं सापडतं, म्हणजे पट्टीची विभागणी स्पेन्सर, ब्राउनिंग अँड रस्टच्या यंत्रावर झालेली, वरच्या पाटीवर नाव भले दुसऱ्याच कोणाचं असो. आता हे विभागणीचं यंत्र म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आधी अंशांच्या खुणा हाताने, कंपास वापरून करायचे, वेळखाऊ काम आणि मोजपट्टी छोटी केली की चूक वाढायची. लंडनचा उपकरणं बनवणारा जेसी रॅम्सडेन, त्याने 1770 च्या दशकात 45 इंच व्यासाचं चाक केलं, त्याच्या कडेला 2160 दाते, आणि त्यात अडकलेला एक स्क्रू. स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे चाक बरोबर 10 कला (एका अंशाच्या 60 कला) सरकणार. बस्स, एवढ्यावर खलाशाच्या हातात मावेल इतका छोटा पण विश्वासाचा सेक्स्टंट शक्य झाला. समुद्रावर रेखांश काढण्याच्या कामासाठी नेमलेल्या ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ लाँगिट्यूडने त्याला बक्षीस दिलं पण यंत्राची सगळी माहिती उघड छापायची अट घातली, ती 1777 मध्ये छापली गेली. ते यंत्र आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणून जुना सेक्स्टंट हातात आला की मी पाटीच्या आधी मोजपट्टी बघते, भिंग लावून, एकेक रेघ.

मायक्रोस्कोपचं वय काढायचं असेल तर आटे बघा. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूजवळचं भिंग, जिथे बसतं तिथले आटे आधी प्रत्येक मेकरचे वेगळे होते, एकाचं ऑब्जेक्टिव्ह दुसऱ्याच्या नळीवर बसायचं नाही. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने 1858 मध्ये 0.8 इंचाचं माप ठरवून दिलं आणि ते इतकं रुजलं की आजही कित्येक मायक्रोस्कोपवर तेच आहे. त्यामुळे आटे वेगळेच निघाले तर उपकरण आधीचं असू शकतं, पण पक्कं नाही, काही मेकर स्वतःचेच आटे पुढेही वापरत राहिले, आणि उलट जुन्या नळीवर नंतर अडॅप्टरही बसवलेला असतो. एका खुणेवर विसंबायचं नाही, चार जुळल्या पाहिजेत.

नकली मालाबद्दल थोडक्यात. 'केल्व्हिन अँड ह्यूज, लंडन 1917' असं ठळक कोरलेले पितळी सेक्स्टंट आणि दुर्बिणी ढिगाने फिरतायत. केल्व्हिन अँड ह्यूज ही कंपनी 1947 मध्ये दोन कंपन्या एकत्र होऊन झाली, तेव्हा 1917 ची तारीख आणि हे नाव एकत्र असूच शकत नाही, त्या कंपनीचा ह्या वस्तूंशी संबंधही नाही. शोभेची वस्तू म्हणून ठेवायला हरकत नाही, जुनी म्हणून विकणं मात्र फसवणूक आहे.

काचांना हात लावताना तर अजून जपा. जॉन डॉलंडने 1758 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते ॲक्रोमॅटिक भिंग म्हणजे क्राउन आणि फ्लिंट अशा दोन वेगळ्या काचांची जोडी, रंगांच्या कडा दिसू नयेत म्हणून. (पहिलं असं भिंग त्याच्या बऱ्याच आधी चेस्टर मूर हॉलने करून घेतलं होतं, आणि ह्याचं नाव फार कमी लोक घेतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.) पुढच्या काळात अशा जोड्या कॅनडा बाल्समने, म्हणजे एका झाडाच्या चिकाने, चिकटवायला लागले. हा चीक वर्षांनी पिवळा पडतो, कडेपासून सुटायला लागतो, मग भिंगात नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. मधला भाग स्वच्छ असेल तर भिंग उघडू नका, वापरा तसंच. आणि जुन्या थिओडोलाइटच्या (जमीन मोजणीत कोन मोजायची दुर्बीण) आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, चुकूनही फुंकर मारू नका की हवेचा स्प्रे मारू नका, आतली ती उभी-आडवी रेघ बऱ्याचदा खऱ्या कोळ्याच्या धाग्याची असते. तुटली की तसा धागा ताणून बसवणारा माणूस शोधत फिरा.

पेटीसुद्धा फेकू नका, कितीही खिळखिळी असली तरी. झाकणाच्या आत मेकरचं लेबल असतं, सेक्स्टंटच्या पेटीत इंग्लंडच्या क्यू वेधशाळेचं तपासणीचं सर्टिफिकेट सापडू शकतं, त्यावर त्या उपकरणाचा नंबर आणि कुठल्या कोनाला किती चूक येते ते लिहिलेलं असतं. तो नंबर आणि उपकरणावरचा नंबर जुळतोय का ते आधी बघा, स्वच्छतेचं नंतर.