वडोदऱ्याहून खंभात: अकीक घडताना पाहण्यासाठी

वासद-बोरसदमार्गे गाडीने खंभात साधारण दोन तासांवर आहे. रेल्वेने जाणाऱ्यांनी आणंदला उतरून खंभातची गाडी धरावी. सकाळी लवकर पोहोचावे आणि थेट दुकानांत न शिरता ओळखीने एखादा कारखाना आधी पाहावा, कारण घडण पाहिल्यावरच माल पारखता येतो.

अकीक म्हणजे गारगोटीचेच, अर्थात क्वार्ट्झचे, अतिसूक्ष्म स्फटिकांचे रूप. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर साचून अकीकातले पट्टे तयार झाले. मध्ये जागा उरली, तर तिथे सहा पैलूंचे पारदर्शक स्फटिकही वाढलेले दिसतात. कच्चा दगड मुख्यतः भरूच जिल्ह्यातील रतनपोर भागातून येतो.

कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकाला खडा टेकवतो आणि शिंगाच्या हातोडीने वरून हलका ठोका देतो. टवका मात्र सळईला टेकलेल्या बाजूने निघतो. क्वार्ट्झ ठरावीक पातळीत चिरत नसल्यामुळे प्रत्येक टवक्यावर शिंपल्यासारखी वळणदार खूण उमटते. ही क्रिया जवळ बसून, घाई न करता पाहावी. लाल रंग बहुधा भट्टीत येतो: उन्हात नीट वाळवलेले खडे मडक्यात घालून मंद आचेवर तापवले, की त्यांतील पिवळट लोहसंयुगातले पाणी निघून जाते आणि तांबूस हेमॅटाइट उरते. खड्यात ओल राहिल्यास तो तडकतो. लोथलच्या उत्खननातही मणी घडवण्याची जागा आणि भट्टी सापडली आहे, म्हणून सवड असल्यास तेही पाहावे.

घासण्याच्या खोलीत मास्कशिवाय जाऊ नये. तिथली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कारागिरांनी हा धोका आयुष्यभर सोसावा, हे मला अजिबात मान्य नाही. धूळ शोषणारे यंत्र बसवलेल्या कारखान्याचा माल चार पैसे जास्त देऊनही घ्यावा.

खरेदी करताना गडद निळे, गुलाबी किंवा हिरवे पट्टे बहुतेक वेळा रंगवलेले असतात, कारण अकीक सच्छिद्र असल्याने रंग शोषतो. दुकानदाराला स्पष्ट विचारावे. अस्सल खड्याची कठिणता मोहसच्या 1 ते 10 च्या मापनावर 7 च्या आसपास असते, त्यामुळे चाकूच्या पात्याने त्यावर ओरखडा उठत नाही. काचेच्या मण्यात भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात, तेव्हा भिंग सोबत न्यावे.