मोरीत पाय घसरला

रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात माझी नाइट होती, पेशंट नव्हते म्हणून खुर्चीतच डुलक्या काढत होते, तेवढ्यात एक रिक्षा थेट पोर्चमध्ये घुसली. बाई तिशीची असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि तो पार भिजलेला, नवऱ्यानेच धरून आणली. नवरा अगदी गरीब चेहऱ्याचा, सारखा हात जोडत होता, वास मात्र दारातूनच आला.

"मोरीत पाय घसरला मॅडम," ती म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

डोक्याला सहा टाके पडले. डाव्या मनगटात बांगडीची काच घुसली होती, ती काढताना जास्त वेळ गेला, प्रत्येक तुकडा चिमट्यातून ट्रेमध्ये पडला की टिंग वाजायचं, तीन हिरवे तुकडे निघाले. त्याच हाताला कोपराच्या खाली, करंगळीच्या बाजूने एक लांबट निळा पट्टा होता. घसरून पडणारा माणूस बहुतेक वेळा तळहात टेकतो, खरचटलं तर तिथे खरचटतं, हिचे तळहात स्वच्छ. असा पट्टा हात डोक्यावर आडवा धरला की उठतो. दंडावर आणखी एक डाग, पिवळा पडत आलेला, म्हणजे तो आजचा नव्हेच.

सिस्टरने नवऱ्याला केसपेपरच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं आणि मी परत विचारलं. मोरीच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो आत गेला तर रिक्षाचा हप्ता तुम्ही भरणार का?"

ह्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, केली, तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहिलं आणि खाली लिहिलं की जखमा ह्या हिस्ट्रीशी जुळत नाहीत. हवालदार आले, मोरी लिहून घेतली, सही घेतली, गेले. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून दिला, तो तिने घडी करून मुठीत ठेवला आणि जाताना बाकावर विसरली, की ठेवून गेली, देव जाणे.

सकाळी घरी जाताना एसटीत मला एकदम राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवलं. खरं तर मला ते नाटक असं माहीतच नव्हतं, मेडिकलच्या गॅदरिंगला आम्ही त्यातल्या दारुड्यांच्या आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश केला होता तेवढंच, मी मिशी चिकटवून त्यातला एक मेंबर झाले होते, प्याल्यात कोकम सरबत, तळीरामाच्या वाक्यावाक्याला हॉल डोक्यावर. पुढचं कोणी वाचलंच नाही. शेवट ऐकून माहीत होता आणि सिंधू म्हणजे जुन्या जमान्यातली रडकी पतिव्रता, असं माझं पक्कं मत. फाटकं लुगडं नेसलेल्या बालगंधर्वांसाठी लोक रडले असतील, आपण कशाला रडायचं!

त्या रविवारी लायब्ररीतून आणून सबंध वाचलं. वकिलीची सनद काही महिन्यांसाठी गेली म्हणून सिंधूचा नवरा सुधाकर पहिला प्याला घेतो, अपमान विसरायला, इथपर्यंत मी त्याच्या बाजूने होते हे कबूल करते. मग दारू चढत जाते, सिंधू लोकांची दळणं दळते आणि शेवटी त्याच्या मारात तान्हं पोर जातं, ती स्वतः मरायला टेकते आणि फौजदारापुढे सांगते की ह्यांनी काही केलं नाही. पूर्वी मला कोणी हे सांगितलं असतं तर म्हटलं असतं, छे, असं कोण करतं! आता वाटलं गडकऱ्यांनी ही बाई कुठेतरी बघितली असणार. १९१९ च्या जानेवारीत ते ३३ व्या वर्षी गेले आणि नाटक रंगमंचावर आलं त्यानंतर. म्हणजे माझ्या पेशंटच्या शंभरेक वर्षं आधी हाच जबाब लिहून ठेवलेला.

पण एका गोष्टीवर माझं गडकऱ्यांशी भांडण आहे. सिंधू खोटं बोलते ती निव्वळ भक्तीने, तिच्या तोंडी हिशोब येतच नाही. पोटापाण्यासाठी जात्यावर बसणाऱ्या बाईला हिशोब कळत नसेल? की तो सांगितला असता तर थेटरातलं रडू थांबलं असतं? शिवाय तिकडे सुधाकर विष घेऊन मरतो, पडदा पडतो. माझ्याकडचा सुधाकर त्या रात्री बाहेरून तिच्यासाठी चहा घेऊन आला, स्वतः फुंकर मारून बशीतून पाजला, आणि ती प्यायली. हे कुठल्या अंकात बसवायचं?

आठव्या दिवशी ती टाके काढायला आली, एकटीच. जखम छान भरली होती. कात्री घेतली तर मनगटाकडे लक्ष गेलं, परत हिरव्याच बांगड्या. मी काही बोलायच्या आत तिनेच हात पुढे केला, "प्लास्टिकच्या घेतल्या मॅडम. ह्या घुसत नाहीत."