शेरेबुक आणि सतरंजी

निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, अशी माझी ओळख झाली की पालक आणि काही तरुण शिक्षकही हमखास एक प्रश्न विचारतात : मुख्याध्यापकांनी किंवा साहेबांनी शिक्षकांवर लक्ष ठेवल्याने मुलांचे शिकणे खरोखर सुधारते का? तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. सुधारते, पण ते लक्ष कशावर आहे यावर सारे अवलंबून असते, आणि माझे स्वतःचे लक्ष पहिली काही वर्षे चुकीच्या जागी होते.

माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या १४ शाळा होत्या. शाळेत गेल्यावर मी हजेरी पाहत असे, टाचणवही, म्हणजे शिक्षकाने तासाची आखणी लिहिलेली वही, चाळत असे, पोषण आहाराच्या नोंदी तपासत असे आणि निघताना शेरेबुकात, म्हणजे भेटीचा अभिप्राय नोंदवायच्या शाळेच्या वहीत, लिहीत असे, ‘टाचण नियमित आहे. अप्रगत मुलांकडे विशेष लक्ष द्यावे.’ त्यातले दुसरे वाक्य मी इतक्या शाळांत लिहिले आहे की त्याचा रबरी शिक्काच करून घेतला असता तर शाई वाचली असती. याचा परिणाम झाला नाही असे म्हणता येणार नाही. टाचणे अतिशय देखणी झाली.

एकदा पावसामुळे एका शाळेत अडकलो आणि वेळ जावा म्हणून तिसरीच्या वर्गात सतरंजीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसलो. हातच्याची वजाबाकी चालली होती. बाई मनापासून शिकवत होत्या आणि समोरून उत्तरेही खणखणीत येत होती. माझ्या शेजारच्या मुलाच्या वहीत मात्र ५२ वजा २७ बरोबर ३५ असे होते, कारण वरच्या दोनातून सात जात नाहीत हे पाहून त्याने सातातून दोन वजा केले होते. त्याच्या पुढच्या मुलीचेही ३५ आणि तिच्या शेजारणीचेही ३५. मी कागदावर वर्गाचा आराखडा काढला आणि बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी खूण करीत गेलो. तास संपला तेव्हा २८ मुलांपैकी सातांच्याच जागी खुणा होत्या, आणि ती सातही मुले पुढे बसलेली होती.

तो कागद मी काही न बोलता बाईंपुढे ठेवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, हे मला पुढे उभं राहून दिसतच नाही.” पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा दशकाच्या काड्यांचे गठ्ठे सोडून मागची मुले वजाबाकी करीत होती. मी तोच कागद दाखवून निघून गेलो असतो आणि परत गेलो नसतो, तर तो वहीत घडी होऊन पडला असता, असे मला आजही वाटते.

पण केंद्रप्रमुख महिन्यातून एखाद्या वेळी येणार. रोज तिथे असतात ते मुख्याध्यापक. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापक १५०हून अधिक मुले असतील तरच. म्हणजे लहान गावातला मुख्याध्यापक हा दोन-दोन वर्ग सांभाळून पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणारा शिक्षकच असतो. त्याने सहकाऱ्याचा तास पाहायचा तर स्वतःचे वर्ग कोणाकडे सोपवायचे?

२०१५ साली राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आल्यावर मुलांना आधीचे किती येते हे पाहणाऱ्या पायाभूत चाचण्या सुरू झाल्या आणि निदान कोणते मूल कुठे अडले आहे याची चर्चा होऊ लागली, हे मी चांगले मानतो. मात्र जिथे वरून आकडा मागितला गेला तिथे आकडाच तयार झाला, हेही मी पाहिले आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून गट) शाळा पाहायला त्या काळात राज्यभरातून शिक्षक जात. त्यांना तिथे पाहायचे असत ते प्रत्यक्ष चालू वर्ग. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलापर्यंत मात्र यातले काहीच पोहोचत नाही, आणि त्याचा दोष शिक्षकावर टाकणारे शेरे मीही लिहिले आहेत.

आमच्या एका दोनशिक्षकी शाळेने स्वतःचा मार्ग काढला. दर शनिवारी अर्धा तास दोघे वर्ग बदलत आणि एकमेकांच्या पाच मुलांचे वाचन ऐकत. कोण अक्षरांवर थांबले, कोण शब्दांवर आणि कोण परिच्छेद वाचू लागले, एवढेच एका शंभरपानी वहीत टिपत. पुढे त्या शाळेत गेलो की मी शेरेबुकाआधी ती वही मागवत असे.