मनातल्या मनात पाच आकडे

कोचिंगसाठी माझं नाव दिलंय असं वरिष्ठांनी सांगितलं, तेव्हा मला तो अपमान वाटला. तेरा वर्षं काम केलेलं, दोन वर्षांपासून टीम सांभाळलेली, एकही मुदत चुकवलेली नाही. आणि आता बाहेरचं कुणी येऊन मला वागायला शिकवणार?

पहिली बैठक तिघांची झाली: मी, माझे वरिष्ठ आणि कोच. पंधरा दिवसांतून एकदा, तासभर, असे सहा महिने भेटायचं ठरलं. कोचनी तिथेच एक गोष्ट स्पष्ट केली. ध्येय कोणतं ठरलं, ते वरिष्ठांना कळेल. आत मी काय बोलले, ते कळणार नाही. पुढे मी जे काही मोकळेपणाने बोलू शकले, ते या एका अटीमुळे. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे आधी विचारून घ्या, वरिष्ठांच्या समोरच विचारा.

ध्येय मीच सांगितलं: सादरीकरण प्रभावी करायचं. कोचनी ते लिहून घेतलं, काही बोलले नाहीत. मग ३६० अंशांचा फीडबॅक मागवला, म्हणजे वरचे, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा नऊ जणांचे निनावी अभिप्राय. सादरीकरणाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. मात्र सहा जणांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती. मी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. एकाने लिहिलं होतं, ‘त्यांना उत्तर आधीच माहीत असतं, मग मी कशाला सांगू?’

कोचनी कागदावर चार चौकटी काढल्या. जोहारी खिडकी. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी १९५५ मध्ये मांडलेली. नावही ‘जो’ आणि ‘हॅरी’ यांवरूनच पडलेलं. त्यातल्या एका चौकटीत आपल्याबद्दलचं असं काही असतं, जे इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. त्यांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं.

मी वाद घातला. वेळ वाचावा म्हणून मी मध्ये बोलते, म्हटलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “कुणाचं सांगायचं राहून गेलं आणि त्याची किंमत मोजावी लागली, असं कधी झालंय?”

झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी आमचा एक अहवाल चुकीच्या आकड्यांसह ग्राहकाकडे गेला होता. त्याआधीच्या बैठकीत टीममधला नवा मुलगा म्हणाला होता, “मॅडम, मागच्या महिन्याच्या आकड्यांत...” आणि मी म्हटलं होतं, “ते मी बघितलंय, पुढचं बोल.” मी बघितलं होतं ते वेगळंच काहीतरी. दोन रात्री जागून सगळ्यांनी तो अहवाल दुरुस्त केला आणि मी त्या मुलाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, “तेव्हाच का नाही बोललास?” तो खाली बघत उभा राहिला. हे कोचना सांगताना मला रडू आलं. तोवर ही गोष्ट मी त्याची चूक म्हणूनच लक्षात ठेवली होती.

मग वही आली. कुणाचं बोलणं तोडलं की एक रेघ, आणि समोर कोण होतं तेही लिहायचं. पाच दिवसांत ३१ रेघा झाल्या. पण मला जास्त लागलं ते दुसऱ्या रकान्याचं. वरिष्ठांसमोर एकही रेघ नव्हती. म्हणजे मी सवयीची गुलाम वगैरे नव्हते. जिथे थांबणं भाग होतं, तिथे मला नीट थांबता येत होतं.

उपाय साधा होता. प्रश्न विचारल्यावर किंवा समोरचा थांबल्यावर मनात पाच आकडे मोजायचे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमध्ये हेच पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले की मुलांची उत्तरं लांबत आणि आपणहून बोलणारी मुलंही वाढत. वाचायला सोपं आहे. बैठकीत तिसऱ्या आकड्याला माझा घसा भरून यायचा, इतकी ती शांतता जड वाटायची.

कोचच्या तासांना एक ठरलेला क्रम होता, हे मला बरंच उशिरा उमगलं. ध्येय काय, आज स्थिती काय, पर्याय कोणते आणि यातलं नक्की काय, कधी करणार. ‘ग्रो’ नावाची ही पद्धत १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये घडली. शेवटच्या टप्प्यावर ‘प्रयत्न करते’ हे उत्तर ते घेतच नसत. वार आणि वेळ विचारत.

असाच वार ठरवून मी त्या मुलाला भेटले. प्रसंग, वागणं, परिणाम, या क्रमाने बोलायचं शिकले होते. “अहवालाच्या आधीच्या बैठकीत तू आकड्यांबद्दल सांगत होतास. मी मध्येच तोडलं. त्यामुळे चूक पुढे गेली आणि दोष तुझ्यावर आला. माझं चुकलं.” तो “ठीक आहे, मॅडम” म्हणाला आणि गेला. मी खट्टू झाले. कोचनी विचारलं, “माफी त्याच्यासाठी मागितलीत, की त्याच्या उत्तरासाठी?” त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही.

सात आठवड्यांनी तोच दाराशी आला. “मॅडम, दोन मिनिटं आहेत?” दुसऱ्या वाक्यालाच माझ्याकडे उत्तर तयार होतं. तो थांबला, मी मोजायला लागले. चौथ्या आकड्याला तो म्हणाला, “खरं म्हणजे मला वेगळंच सांगायचंय,” आणि बराच वेळ बोलत राहिला. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.

सहा महिन्यांनी पुन्हा फीडबॅक मागवला. नवांपैकी दोघांनी अजून तीच तक्रार लिहिली होती. ते दोघं कोण, हे मी शोधलं नाही. फोनवरच्या बैठकांत समोरचा चेहरा दिसत नाही, तिथे मी अजून घाई करते. वहीत त्यासाठी वेगळं पान काढलंय.