अठरा सेंटीमीटर

सोमवार, रात्री अकरा

कॉलेज रोडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आज तीन तास गेले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, त्यामुळे बाहेर आल्यावर उजेड सोसवेना. रिक्षात डोळे मिटूनच बसलो.

मी सराफ बाजारात नथी गुंफतो. वडिलांचं काम, आता माझं. वय 39, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. चष्मा सातवीत लागला. लेझरनं नंबर घालवायचं मनात आलं ते रहाडीमुळे. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो: आमच्या नाशिकला रंगपंचमीला जमिनीतले जुने दगडी हौद, म्हणजे रहाडी, उघडतात, रंगाच्या पाण्यानं भरतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात. उडी घ्यायच्या आधी मी चष्मा बायकोच्या हातात देतो. पाण्यातून डोकं वर काढलं की काठावर सगळे रंगाचे डाग. लेक हाका मारत असते. आवाज तिचाच, पण चेहरा दिसत नाही. गेल्या वर्षी ती नऊ वर्षांची होती. अशा किती रंगपंचम्या तिचा चेहरा न बघता गेल्या, ते मोजायला लागलो आणि तपासणीला नाव नोंदवलं.

डॉक्टरांनी आधी दोन वर्षांचे जुने नंबर मागितले. नंबर हलत असेल तर ते हातच लावत नाहीत. मग बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा नकाशा काढला. पडद्याचा आकार कुठे कमजोर असेल, तर पुढे तो फुगून शंकूसारखा होण्याचा धोका असतो, म्हणून हा नकाशा सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या पडद्याची जाडी 528 मायक्रॉन निघाली. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. लासिकमध्ये, म्हणजे या लेझर शस्त्रक्रियेत, पडद्याचा वरचा पापुद्रा कापून उलटवतात, तो 110 मायक्रॉनचा. एका नंबरामागे साधारण 14 मायक्रॉन उडवावे लागतात, म्हणजे माझे 77. खाली 341 उरतात. 250 च्या खाली जायचंच नाही, आणि 300 च्या वर राहिलं तर चांगलं.

250 मायक्रॉन म्हणजे पाव मिलिमीटर. मी मोती ओवतो ती सोन्याची तार जवळपास तेवढीच. आकडा ऐकताच बोटांना कळला. आम्ही सोनं घासतो, पण घट पाटावरून झाडून घेतो, पुन्हा आटवतो. इथली घट परत मिळत नाही. गाडी चालवताना हाच विचार येत राहिला असता, बरं झालं रिक्षानं आलो.

शेवटी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. ती 9 मिलिमीटर भिजली. दहाच्या वर हवी होती. डोळे जरा कोरडे आहेत, आणि लासिकनंतर कोरडेपणा काही महिने वाढतो. दिवसभर ज्योतीपुढे बसणाऱ्यानं हे मनावर घ्यायला हवं.

बुधवार

पुतण्या जेवायला आला होता. त्यानं मागच्या वर्षी करून घेतलं, वय 24, नंबर तीन. त्याला सगळं खोदून विचारलं.

“काका, दुखत नाही. थेंबांनी डोळा बधिर होतो. पापण्या मिटू नयेत म्हणून चाप लावतात. मग डोळ्यावर दाब येतो आणि काही सेकंद दिसेनासं होतं. तेवढं घाबरायला झालं. नंतर एका दिव्याकडे बघत राहायचं. केस जळल्यासारखा वास येतो.”

दोन्ही डोळे मिळून वीस मिनिटं. घरी आल्यावर चार-पाच तास नुसती आग आणि पाणी, झोपून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पण तीन महिने रात्री द्वारका चौकातून येताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची. डोळा चोळायचा नाही, आठवडाभर डोक्यावरून अंघोळ नाही, थेंब वेळच्या वेळी. त्यानं ते सगळं नीट पाळलं. तो आनंदात आहे आणि त्याच्यासाठी मलाही आनंद आहे.

शनिवार

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो डॉक्टरांनीच काढला. “जवळचं काम चष्मा काढून करता का?” हो, नेहमीच. शंभराला साडेपाचनं भागा, अठरा येतात. अठरा सेंटीमीटरवर माझा उघडा डोळा कसलाही ताण न घेता बघतो, मोत्याचं भोक, तारेचा पीळ, सगळं. लेझरनं लांबचं स्वच्छ होईल, पण हे अठरा सेंटीमीटर जातील. आणि वय चाळिशीचं. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, ते कुठलंच लेझर थांबवत नाही. मग जवळच्या कामाला चाळिशी, आणि आमच्यासारख्या बारीक कामाला वर आणखी भिंग.

एका डोळ्यात थोडा नंबर मुद्दाम ठेवता येतो, तो जवळचं सांभाळतो. पण आधी लेन्स घालून पाहा, असं म्हणून त्यांनी पाच दिवसांच्या लेन्स दिल्या. उजव्यात पूर्ण नंबर, डाव्यात दीड कमी.

पुढचा शुक्रवार

लेन्स घालून पहिल्या दिवशी गंगापूर रोडनं चालत सोमेश्वरला गेलो. झाडांची पानं वेगवेगळी दिसली. लेक पुढे पळत होती आणि ती वळून हसली, ते मी पन्नास पावलांवरून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये काच नसताना. तिथेच बाकावर बसून राहिलो.

कामावर मात्र दर वीस मिनिटांनी डोळे भरून यायचे. भिंग लावून पाहिलं. बाजारात बरेच जण लावतात, त्यांचा हात माझ्यापेक्षा वाईट नाही. पण भिंगात एकच मोती दिसतो, अख्खी नथ दिसत नाही, आणि नथीचा डौल सगळी मिळून बघितल्याशिवाय जमत नाही. चौथ्या दिवशी एका नथीचा आकडा वाकडा बसला. उलगडून पुन्हा गुंफली.

आज दवाखान्यात फोन केला. शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ठीक, पण डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा चुकवू नका. मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, त्यामुळे तो मागचा पडदा फाटायचा धोका असतो; लेझर केलं असतं तरी तो गेला नसता. बुबुळाचा नकाशा पावत्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवला.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, आणि अजून वाटतंय. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, रंगपंचमीला लेकीला अगदी काठावर बसवू, हाताच्या अंतरावर. लेक म्हणाली, “हात नाही बाबा, अठरा सेंटीमीटर.” तिनं पट्टी आणून मोजून दाखवलं.