ट्रेल खरी, बँक खातं खोटं

शुक्रवारी चारच्या सुमारास अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला. "एका व्हेंडरने बँक खातं बदललंय म्हणून मेल आलाय. सगळं बरोबर दिसतंय, पण पेमेंट आजच करा म्हणतायत. जरा बघता का?" पेमेंटची बॅच साडेपाचला सुटणार होती.

मेल अटॅचमेंट म्हणून मागवून घेतला. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर (मेल कुठून, कसा आला याची तांत्रिक नोंद) गळून पडतात आणि मग तपासायला काही उरत नाही.

पहिल्या वाचनात काहीच खुपलं नाही. खालची पाच मेलची ट्रेल, म्हणजे आधीचा पत्रव्यवहार, अस्सल होती: इन्व्हॉइस नंबर, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, रक्कम, आमच्याच माणसाने तीन दिवसांपूर्वी दिलेलं उत्तर. भाषाही शुद्ध. फसवा मेल व्याकरणाच्या चुकांवरून ओळखा, हे शिकवणं आता थांबवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग पाठवणाऱ्याचा पत्ता मोठा करून पाहिला. डोमेनमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागात, जिथे 'एम' हवा, तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी बसवलेले. बारीक टायपात ते 'एम'च दिसतात. सीसीमधले व्हेंडरकडचे दोन्ही पत्तेही त्याच खोट्या डोमेनवरचे, म्हणजे 'रिप्लाय ऑल' केलं तरी खऱ्या माणसापर्यंत अक्षरही पोचलं नसतं. डोमेन कधी नोंदवलं ते सांगणाऱ्या हूइजमध्ये पाहिलं, तर डोमेन नोंदवून जेमतेम सहा दिवस झालेले. एसपीएफ आणि डीकेआयएम या मेलच्या आपोआप होणाऱ्या तपासण्या मात्र दोन्ही 'पास'. मेल त्या डोमेनच्या परवानगीने निघाला का, एवढंच त्यातून कळतं. इथे तर डोमेनच भामट्याचं होतं. फिल्टर अडवणार कशाला?

सगळ्यात घातक गोष्ट मेलच्या शेवटच्या ओळीत होती: 'खात्री करायची असल्यास या मोबाइलवर फोन करा.' मॅडमनी केलाही होता, आणि पलीकडच्याने खाते क्रमांक, शाखा सगळं न अडखळता वाचून दाखवलं होतं. ज्याने मागणी केली त्यानेच दिलेल्या नंबरवर केलेली खात्री ही खात्रीच नव्हे. आम्ही करारावरचा जुना नंबर काढून फोन लावला. व्हेंडर म्हणाले, "खातं? आम्ही कशाला बदलू?"

२०१३ ते २०१५ दरम्यान गूगल आणि फेसबुककडून मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली गेली, तीही क्वांटा या तैवानी पुरवठादाराच्या नावाने बनावट बिलं पाठवून. तेव्हा अकाउंट्सवाल्यांना भोळं म्हणू नये.

आता प्रश्न उरला, ट्रेल बाहेर गेली कुठून? आधी आमच्याच मेलबॉक्सचे साइन-इन लॉग आणि रूल (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं याच्या सूचना) तपासले. सगळं स्वच्छ. व्हेंडरकडे मात्र रूल सापडला: 'इन्व्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवायचा आणि इकडे आरएसएस फीड्सच्या फोल्डरमध्ये सरकवायचा. तो फोल्डर सहसा कोणी उघडत नाही. त्यांनी पासवर्ड लगेच बदलला, पण तेवढ्याने भागत नाही. रूल तसाच राहतो, चालू सेशनही, म्हणजे आधीच झालेलं लॉगिन, टिकू शकतं. सगळी सेशन बंद करायची, ओटीपीसाठी एखादं अनोळखी उपकरण जोडलेलं नाही ना ते बघायचं आणि रूल हाताने काढायचा, हे फोनवर बसून एकेक करून घेतलं.

साडेपाचची बॅच त्या एका नोंदीशिवाय गेली. व्हेंडरचे पैसे सोमवारी, त्यांच्या जुन्याच खात्यात जमा झाले.