माजघरातली 'कुंती' आणि तिचा माग: कराड, मळवली, बडोदा

आमच्या कराडच्या घरात माजघरात एक मोठं चित्र होतं, एक बाई नदीत उभी, हातात तान्हं बाळ आणि काठावर एक राजा. घरात सगळे म्हणायचे की ही कुंती, कर्णाला गंगेत सोडतेय, आणि हे पणजोबांनी कुणाकडून तरी काढून घेतलेलं ऑइल पेंटिंग आहे. मला लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा, कुंतीने बाळ गुपचूप सोडलं ना, मग हा राजा इथे काय करतोय?

गेल्या वर्षी घर रिकामं करताना ते चित्र माझ्याकडे आलं. काच काढली तर वरून जाड, पिवळट वार्निश, कॅनव्हाससारखा पोत, बघणारा शंभर टक्के फसेल. पण भिंग लावलं आणि बाळाच्या गालावर बारीक बारीक रंगीत ठिपके दिसले, म्हणजे ब्रश नाहीच, छपाई! ह्याला ओलिओग्राफ म्हणतात. दगडावर चित्र उतरवून, प्रत्येक रंगाला वेगळा दगड घेऊन एकावर एक छापायचं, मग पोत उठवून वार्निश मारायचं की तैलचित्रासारखं दिसतं. तुमच्याकडे असं काही असेल तर आधी भिंग घ्या. ठिपके वेडेवाकडे, दाणेदार असले तर जुनी दगडी छपाई, अगदी एकसारख्या रांगेत जाळीसारखे असले तर अलीकडची ऑफसेट कॉपी. आणि ओलं फडकं चुकूनही लावू नका, कागद आहे तो.

खरी माहिती खालच्या पट्टीत असते. आमच्या चित्राची पट्टी पूर्वी कुठल्यातरी फ्रेमवाल्याने कापलेली, फार वाईट वाटलं बघून, पण एका कोपऱ्यात माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, तुकडा राहिला होता, त्यावर इंग्रजीत रवि वर्मा प्रेस आणि पुढे कार्ला-लोणावळा एवढं वाचता आलं. तेवढ्यावर निम्मं काम झालं. राजा रविवर्म्यांनी प्रेस १८९४ ला गिरगावात काढला, १८९६ पासून मुंबईत प्लेग, आणि १८९९ ला प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. म्हणजे पट्टीवर मुंबई असेल तर चित्र त्या पहिल्या पाच वर्षांतलं असायची शक्यता जास्त, कार्ला किंवा मळवली असेल तर त्यानंतरचं. घाटकोपर आणि रवि उदय असं असेल तर तो वेगळाच प्रेस, गल्लत करू नका.

मग मळवलीला गेलोच. पुण्याहून लोणावळा लोकल पकडा, लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन, साधारण सव्वा तास. पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, भाजे लेणी आणि लोहगडाची गर्दी असते, उभं राहायला जागा मिळत नाही. आणि म्युझियम वगैरे असेल अशा अपेक्षेने जाऊ नका. प्रेस पुढे फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला, बरीच वर्षं चालला आणि १९७२ ला आगीत जळाला. मी बाहेरूनच बघितलं, कुणाच्या आवारात न विचारता शिरू नका. तरी मला तिथे जायचंच होतं. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमात पडायच्या आधी ह्याच प्रेससाठी काम केलंय, आणि आमच्या माजघरातलं चित्र इथून रेल्वेने निघालं असणार, एवढा विचार डोक्यात घेऊन मी स्टेशनवर तासभर नुसता बसून होतो. मला ती जागा मनापासून आवडली.

राहता राहिला राजा. सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्यांकडून पुराणातल्या प्रसंगांची १४ चित्रं करून घेतली होती, १८९० च्या सुमाराची, त्यातलं एक गंगा आणि शंतनू. यादी वाचताना एकदम डोक्यात आलं की हेच ते! बडोद्याला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे, तिथे जा. सुट्टीचा वार आणि वेळ आधी फोनवर विचारून घ्या, आत फोटो काढता येतील असं धरून चालू नका, आपल्या चित्राचे फोटो मोबाइलमध्ये आणि एक वही जवळ ठेवा. राजवाड्याच्या नादात वेळ घालवू नका, सकाळी आधी म्युझियम करा, निवांत दोन तास लागतात. मूळ चित्रासमोर उभा राहिलो आणि खरं सांगतो, पाणी आलं डोळ्यात. आमच्या चित्रात वार्निशने काळवंडलेलं पाणी इथे खरं पाणी होतं आणि राजाचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला, तो गयावया करतोय. सात मुलं गंगेने पाण्यात सोडली, हा आठवा, आणि इथे शंतनू तिला अडवतोय.

बाहेर येऊन आत्याला फोन लावला. ती ८४ वर्षांची, त्याच माजघरात वाढलेली. म्हटलं, आत्या, ती कुंती नाही गं, गंगा आहे, आणि ते बाळ म्हणजे भीष्म. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे हे बाळ सोडलंच नाही होय रे तिनं? मी लहानपणी रोज त्याला बघून रडायचे."

आता चित्र नव्या फ्रेममध्ये आत्याच्या खोलीत आहे. फ्रेम करताना एवढंच सांगा, काचेला चित्र चिकटू देऊ नका, मागे प्लाय नको, आम्लविरहित पुठ्ठा मागून घ्या, आणि उरलीसुरली पट्टी कापायची नाही हे दुकानात समोर उभं राहून सांगा.